मैदान आहे, संध्याकाळ नाही

भाचीचा परवा फोन आला. त्यांच्या फिजिओथेरपी कॉलेजात आता रोज सकाळी सहाला योग, हजेरीसकट. घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. ताई म्हणते, बरंच झालं, मुलं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत. भावजी म्हणतात, आधी त्यांना झोपू द्या.

दोघांनाही इथून, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनहून, माझं एकच विचारणं आहे: तिला संध्याकाळी बाहेर पडता येतं का?

मीही तिकडेच फिजिओ शिकले. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आम्हाला तोंडपाठ. पेशंटकडून गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायचे आणि स्वतः लेक्चर, ओपीडी, जर्नल, मेस, खाट. मुलांचं व्हॉलीबॉल ओपीडी सुटल्यावर रंगायचं. आमच्या मुलींच्या हॉस्टेलचं गेट सातला बंद व्हायचं.

2022 च्या अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणारे प्रौढ पुरुष सुमारे 42 टक्के, बायका 57 टक्के. या फरकाला आळस म्हणायला मी तयार नाही.

इथल्या नर्सिंगच्या मुली हिवाळ्यात अंधारात, भर पावसात सायकलवर वॉर्डात येतात, रात्री तशाच परततात. त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. डच माणूस जात्याच चपळ आहे असंही नाही; तासन्‌तास बसून राहण्यात हे लोक युरोपात पुढेच आहेत. पण 1977 मध्ये या शहराने मध्यवस्तीचे चार भाग पाडले. एका भागातून दुसऱ्यात मोटारीला थेट वाट नाही, रिंगरोडने वळसा घ्यावा लागतो. सायकल सरळ जाते. दुकानदारांनी तेव्हा कडाडून विरोध केला होता. (पुणंही एकेकाळी सायकलींचंच शहर होतं, हे आठवलं की पोटात तुटतं.)

ताई म्हणेल, मुलींच्या सुरक्षिततेचं काय? तिची भीती खरी आहे. पण 2024 मध्ये कोलकात्यात ज्या तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिला मारलं, ती मैदानावर नव्हती, ड्युटीवर होती, रुग्णालयाच्या आत. गेट लवकर लावून मुली सुरक्षित होत नाहीत. त्यांची संध्याकाळ तेवढी जाते.

योगाची हजेरी ठेवा नाहीतर काढा. मुलामुलींच्या हॉस्टेलची वेळ एक करा, मैदानावर दिवे लावा, बाई सुरक्षारक्षक नेमा. भाचीला विचारलं, मैदान आहे ना? म्हणाली, "आहे गं मावशी, खिडकीतून दिसतं."