यान मार्टेल यांच्या पुस्तकांना धागा नाही?

नमस्कार. कॅनडाचे कादंबरीकार यान मार्टेल यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की ‘लाइफ ऑफ पाय’ सोडलं तर या माणसाच्या पुस्तकांना धागाच नाही, दर वेळी नवी क्लृप्ती; आणि भारत तर त्यांनी नुसता सजावटीला घेतला. दोन्ही मुद्दे मला मान्य नाहीत.

‘लाइफ ऑफ पाय’चा शेवट आठवा. जहाज बुडाल्यावर पाय हा भारतीय मुलगा एका वाघासोबत नावेत तग धरून वाचतो, आणि जहाज कसं बुडालं याची चौकशी करायला जपानी अधिकारी त्याच्याकडे येतात. वाघाची गोष्ट त्यांना पटत नाही, म्हणून पाय त्यांना दुसरी सांगतो. तिच्यात प्राणी नाहीत, फक्त माणसं आणि त्यांचं क्रौर्य. मग तो विचारतो, यातली बरी कोणती? न सोसणारं दुःख माणूस कोणत्या गोष्टीच्या आधाराने सोसतो, हा मार्टेल यांचा जुना ध्यास आहे. १९९३च्या त्यांच्या पहिल्याच कथासंग्रहात एड्सने मरणारा तरुण आणि त्याचा मित्र मिळून हेलसिंकीतल्या एका काल्पनिक कुटुंबाच्या गोष्टी रचत बसतात. ‘द हाय माउंटन्स ऑफ पोर्तुगाल’मध्ये १९०४ सालचा तोमास एकाच आठवड्यात मुलगा, प्रेयसी आणि वडील गमावतो आणि उलटा चालू लागतो, जगाकडे आणि देवाकडे पाठ करून. याला क्लृप्ती कसं म्हणायचं? मला तर ते देवाशी मांडलेलं उघड भांडण वाटतं.

‘बिअॅट्रिस अँड व्हर्जिल’ (२०१०) मलाही पूर्ण साधलेलं वाटत नाही. ज्यूंच्या संहाराबद्दल एक गाढव आणि एक माकड बोलतात, तेव्हा रूपक वजनाखाली वाकतं. पण प्रश्न तोच आहे, आणि तो सर्वांत अवघड जागी नेऊन विचारलेला आहे.

आता भारत. मार्टेल इथे आले ते १९३९च्या पोर्तुगालवर कादंबरी लिहायला. ती आपल्या माथेरानला बसून लिहिताना मेली, असं त्यांनी ‘पाय’च्या सुरुवातीच्या टिपणातच सांगितलंय. त्यानंतर पायची कल्पना आकाराला आली, तीही भारतात. मग इथली प्राणिसंग्रहालयं, देवळं, चर्च, मशिदी त्यांनी हिंडून पाहिल्या. सजावटीसाठी कुणी इतकं करत नाही. पोर्तुगालनेही त्यांना सोडलं नाहीच. तो २०१६मध्ये वेगळ्या कादंबरीतून परत आला.

कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांना २००७ ते २०११ दर पंधरा दिवसांनी पुस्तक आणि सोबत पत्र धाडणारा माणूसही हाच. पहिलं पुस्तक टॉल्स्टॉयचं, ‘इव्हान इलिचचा मृत्यू’. राज्य करणाऱ्याने गोष्टी वाचाव्यात, हा त्यांचा हट्ट त्याच ध्यासातून आलाय.

पोर्तुगालच्या पुस्तकाचा तिसरा भाग तेवढा वाचा. बायको गेलेला एक कॅनडाचा सिनेटर चिंपांझीला घेऊन डोंगरातल्या खेड्यात राहायला जातो. तो वाचूनही तुमचं मत तेच राहिलं, तर अवश्य लिहा. मला वाद पुढे न्यायचाच आहे.