"ट्रेनिंग दिलं की माणसं सोडून जातात" हे साफ चूक आहे

सध्या एक मेसेज फिरतोय, कॉलेज-विद्यापीठातल्या स्टाफला ट्रेनिंग म्हणजे पैशांची नासाडी, शिकले की सोडून जातात आणि बाकीचे फक्त सर्टिफिकेटसाठी येतात. परीक्षा विभागात पंधरा वर्षं काढलीत, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आधी "सोडून जातात" घ्या. कोण जातं हो? ग्रँटेड म्हणजे सरकारी अनुदानाच्या जागेवरचे कायम प्राध्यापक सहसा हलत नाहीत. जातात ते सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, तासावर पैसे, तेही महिनोन्महिने थकलेले, आणि पुढच्या जूनमध्ये परत बोलावतील का याचा पत्ता नाही. ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव मी तरी आमच्याकडे कधी बघितलं नाही. ज्यांना शिकवलंच नाही तेच चाललेत, मग दोष ट्रेनिंगचा कसा?

सर्टिफिकेटचं अर्धं खरंय. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत प्राध्यापकांच्या पहिल्या बढतीला 21 दिवसांचं ओरिएंटेशन लागतं, त्यामुळे काहीजण ऑनलाइन जॉइन होऊन कॅमेरा बंद करून बसतात. ते थांबवायला पाहिजे, कोर्स नाही.

तिसरं म्हणजे "क्लार्कला कसलं ट्रेनिंग, कामातच शिकतात". याचा मला खरंच राग येतो. मुंबई विद्यापीठाने 2017 ला ऑनस्क्रीन पेपर तपासणी घाईत, माणसांना नीट न शिकवता आणली, निकाल महिनोन्महिने रखडले, ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंनाच पदावरून काढलं. एवढं होऊनही लोक असं बोलतात.

आमच्याकडे नवीन पोर्टल आलं तेव्हा लॉगिन आणि एक पीडीएफ हातात दिली, बस्स. आमच्या एक मॅडम, बावीस वर्षं नोकरी, रजिस्टर न उघडता पोरांचे सीट नंबर सांगणाऱ्या, त्या स्क्रीनसमोर रोज रडकुंडीला यायच्या, कारण एक बटण चुकलं की अख्ख्या वर्गाचे इंटर्नलचे मार्क लॉक आणि मग ते उघडून घ्यायला विद्यापीठात हेलपाटे. दोन महिन्यांत त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला. मग शेजारच्या कॉलेजमधला एक मुलगा चार शनिवार येऊन बसला, आमच्याच डेटावर एकेक स्क्रीन करून घेतली. आता दुसऱ्या कॉलेजचे लोक मॅडमना फोन करून विचारतात, आणि त्या मोठ्या हौसेने सांगतात.

राहिलं "त्यापेक्षा पगार वाढवा". सीएचबीवाल्यांचे थकलेले पैसे आधी द्याच, त्यात वादच नाही. पण मॅडमचा पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वेळेवर येत होता, तरी अर्ज लिहिलाच होता ना त्यांनी.