'वॉनाबी' पाच जणींचंच गाणं आहे

स्पाइस गर्ल्स या पाच मुलींच्या ब्रिटिश पॉप ग्रुपचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. त्याचं सार असं: सायमन फुलर नावाच्या मॅनेजरने जाहिरात देऊन पाच देखण्या मुली गोळा केल्या, पुरुष संगीतकारांनी लिहिलेलं गाणं त्यांच्या हाती दिलं, रेकॉर्ड कंपनीने ते पहिलं सिंगल (म्हणजे सुटं विकलं जाणारं गाणं) म्हणून काढलं, आवाज ऑटोट्यूनने सरळ केले आणि बाकीचं काम जाहिरातबाजीने भागवलं. म्हणजे १९९६ चं 'वॉनाबी' या मुलींचं नव्हतंच. मला हे गाणं मनापासून आवडतं, पण ते बाजूला ठेवूया. कारण हा मजकूर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकतो आणि दर वेळी एकाच दिशेने चुकतो. काम या मुलींनी केलेलं असतं आणि श्रेय भलत्याच्याच पदरात पडतं.

"फुलरने ग्रुप बनवला." जाहिरात आली होती, हे खरं. १९९४ मध्ये 'द स्टेज' या नाट्य-मनोरंजन व्यवसायाच्या वृत्तपत्रात ती छापून आली. पण ती दिली होती हार्ट मॅनेजमेंटच्या बॉब आणि ख्रिस हर्बर्ट या बापलेकांनी. शेकडो मुलींमधून त्यांनी पाच जणी निवडल्या, ग्रुपचं नाव 'टच' ठेवलं आणि मेडनहेडमधल्या एका घरात सगळ्यांना एकत्र ठेवून तालमी सुरू केल्या. मिशेल स्टीव्हन्सन लवकरच बाहेर पडली आणि तिच्या जागी एमा बंटन आली. इथपर्यंत 'जुळवून आणलेला ग्रुप' म्हणा, माझी हरकत नाही.

फिरणारा मजकूर मात्र नेमका याच ठिकाणी थांबतो, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते. डिसेंबर १९९४ मध्ये लंडनच्या नोमिस स्टुडिओत या क्षेत्रातल्या लोकांसमोर त्यांचा कार्यक्रम झाला. लोक खूश झाले, तेव्हा हर्बर्टनी करार पुढे केला. पाच जणींनी सही लांबवत नेली आणि मार्च १९९५ मध्ये हार्टला सोडून दिलं. जाताना स्वतःच्या रेकॉर्डिंग्ज सोबत घेतल्या आणि गीतकार एलियट केनेडीला गाठायला शेफील्डला गेल्या. हातात करार नाही, पैसा नाही, डोक्यावर कुणी मोठा माणूस नाही. अशा अवस्थेत त्यांनी आपली बोलणी आपणच केली. फुलर आला तो यानंतर, मे १९९५ च्या सुमारास. तोवर ग्रुप उभा होता, गाणी लिहिणं सुरू झालं होतं, आणि मॅनेजर कोण हवा हे त्याच ठरवत होत्या. पुढे नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांनी फुलरलाही काढून टाकलं. त्यानंतर आलेली 'टू मच', 'व्हिवा फॉरएव्हर' आणि 'गुडबाय' ही तिन्ही सिंगल्स ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. दोरी मॅनेजरच्या हातात असती, तर ती तुटल्यावर हे घडलं नसतं.

"गाणं पुरुषांनी लिहून दिलं." 'वॉनाबी'च्या श्रेयनामावलीत सात नावं आहेत: पाच मुली, मॅट रो आणि रिचर्ड स्टॅनर्ड. रो आणि स्टॅनर्ड हे कसलेले लोक होते आणि त्यांचं श्रेय मी तिळभरही कमी करणार नाही. पूर्व लंडनच्या कर्टन रोडवरच्या 'स्ट्राँगरूम' स्टुडिओत रोने एमपीसी-३००० या ड्रम मशीनवर एक ताल लावून दिला. त्यावर मुलींनी आपापल्या ओळी, चालींचे तुकडे, आरोळ्या टाकायला सुरुवात केली आणि त्यातून गाणं आकाराला आलं. ते ऐकतानाही हे कळतं. रॅपच्या भागात त्या एकेकीचं नाव घेऊन तिचा स्वभाव सांगतात. घरात एकत्र राहून रोज एकमेकींची थट्टा करणाऱ्यांनाच असं सुचतं. प्रियकर व्हायचं असेल तर आधी माझ्या मैत्रिणींशी जुळवून घे, ही अटही त्यांच्याच आयुष्यातून आलेली आहे, असं मला ठामपणे वाटतं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. हे गाणं लिहिलं जात असताना पाच जणींपैकी व्हिक्टोरिया बराच वेळ स्टुडिओत नव्हती, फोनवरून तिला विचारलं जात होतं. गाण्यात तिची एकटीची एकही ओळ नाही. तरी तिचं नाव आहे, कारण श्रेय आणि पैसा पाचही जणींत सारखा वाटायचा, असा त्यांचा आपसातला नियम होता. या नियमावरून 'मग कुणीच काही लिहिलं नाही' असा निष्कर्ष काढणं शुद्ध अन्याय आहे. 'टेक दॅट' हा मुलांचा ग्रुपही मॅनेजरनेच जुळवला होता, पण गॅरी बार्लोने गाणी लिहिली यावर कुणी शंका घेत नाही.

"कंपनीने हे सिंगल निवडलं." हा दावा तर सरळ उलटा आहे. व्हर्जिन रेकॉर्ड्स आणि फुलर या दोघांनाही 'वॉनाबी' पदार्पणाला नको होतं. त्यांच्या मनात 'से यू'ल बी देअर' किंवा 'लव्ह थिंग'सारखी अधिक गुळगुळीत गाणी होती. मुली हटल्या नाहीत, त्यातही मेलनी ब्राउन आणि जेरी हॅलिवेल. मग गाण्याचं मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवण्याचं काम, कंपनीला पटेना, म्हणून ते अमेरिकेत नव्याने करून घेतलं. ते मुलींना आवडलं नाही. शेवटी स्पाइक स्टेंटने केलेलं मिक्स बाजारात गेलं. त्यात सुरुवातीला मायक्रोफोनकडे धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आणि मेलनी ब्राउनचं हसू तसंच आहे. गाणं सुरू होण्याआधीच खोलीत कुणीतरी दंगा घालत घुसल्यासारखं वाटतं. असा धसमुसळेपणा कंपन्या सहसा पुसून टाकतात.

व्हिडिओचीही तीच कथा. एप्रिल १९९६ मध्ये सेंट पँक्रसच्या जुन्या मिडलँड ग्रँड हॉटेलात दिग्दर्शक योहान कामिट्झने तो चित्रित केला. मुली आत शिरतात, जिन्यावर नाचतात, पाहुण्यांना छळतात आणि बाहेर पळतात, हे सगळं एका सलग शॉटसारखं दिसतं. व्हर्जिनच्या मंडळींना तो अंधारा आणि ओबडधोबड वाटला होता.

ऑटोट्यूनबद्दल फार बोलायची गरज नाही. ते सॉफ्टवेअर बाजारात आलं १९९७ मध्ये आणि 'वॉनाबी' ब्रिटनमध्ये जुलै १९९६ मध्येच विक्रीला आलं होतं.

"यश जाहिरातबाजीचं." व्हर्जिनने खर्च केला, मेहनत घेतली, हे उघड आहे. पण कंपनीला न आवडलेला तो व्हिडिओ गाजला 'द बॉक्स' या वाहिनीवर. तिथे प्रेक्षक स्वतः पैसे मोजून, फोन करून हवं ते गाणं मागवत. सिंगल बाहेर पडायच्या आधीच तिथे या गाण्याला सतत मागणी होती. ब्रिटनच्या यादीत ते थेट तिसऱ्या क्रमांकावर आलं, पुढच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सात आठवडे तिथेच राहिलं. १९९७ च्या सुरुवातीला अमेरिकेतही ते चार आठवडे अव्वल होतं. २०१४ मध्ये मँचेस्टरच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयाने लोकांना गाणी ओळखायला लावणारा एक ऑनलाइन प्रयोग केला, तेव्हा सर्वांत पटकन ओळखलं गेलं ते 'वॉनाबी', सरासरी २.२९ सेकंदांत. १९९६ मध्ये केलेली जाहिरात अठरा वर्षांनी लोकांच्या कानात एवढी ताजी कशी राहील, हे हा मजकूर पाठवणाऱ्यांनीच सांगावं.