वृषनाम शके यांचे वारस

आज सकाळी ११ वाजून ४ मिनिटांनी माझी तक्रार सोडवण्यात आली. तसा निरोप आलाय. निरोपाखाली पाच चांदण्या आहेत आणि त्यातल्या मी किती देणार ते विचारलंय. काय सोडवलं ते शेवटी सांगते, कारण आत्ता सांगितलं तर माझा आवाज चढेल.

एका डिजिटल ग्रंथसंग्रहात (नाव सांगत नाही, मला तिथे पुन्हा जायचंय) आगगाडीच्या प्रवासावरची एक जुनी मराठी पुस्तिका सापडली. सापडली ती तिसऱ्या दिवशी. ‘आगगाडीत’ टाकून शोधलं की शून्य. मग डोक्यात उजेड पडला. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, त्याआधीची माणसं ‘आगगाडींत’ बसायची. टिंब दिलं, गाडी आली. संगणकासमोर बसून टिंबासाठी दोन दिवस घालवणाऱ्या बाईला घरचे काय म्हणतात, ते इथे लिहीत नाही.

नोंदीत प्रकाशनाचं वर्ष होतं १८०३.

आता बघा. रुळांवरून वाफेचं इंजिन पहिल्यांदा धावलं ते १८०४ मध्ये, वेल्समध्ये, ट्रेव्हिथिकचं. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली १८५३ साली. १८०३ मध्ये आपल्याकडे असईची लढाई झाली आणि शिंद्यांचं सैन्य तिथे तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरल्याचं माझ्या वाचनात नाही. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरणसुद्धा बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं १८०५ मध्ये. म्हणजे कॅरीच्याही आधी आणि इंजिनाच्याही आधी कुणीतरी मराठीत आगगाडीचं वर्णन छापून ठेवलं होतं! माझ्याजागी दुसरं कुणी असतं तर एव्हाना शाल आणि श्रीफळ घेऊन घरी आलं असतं.

मी मुखपृष्ठ उघडलं. खाली स्वच्छ छापलेलं: ‘शके १८०३, वृषनाम संवत्सरे’. वृष हे त्या वर्षाचं, म्हणजे संवत्सराचं, नाव. इसवी सनासाठी शकात ७८ मिळवायचे, १८८१. (जानेवारी ते फाल्गुन असेल तर ७९. पण ते राहू द्या, इथे ७८ चेच वांधे आहेत.) नोंद करणाऱ्याला चार आकडे दिसले, त्यानं चार आकडे उचलले. इतपत मी समजून घेतलं असतं. पण लेखकाच्या रकान्यात होतं: ‘शके, वृषनाम’. आडनाव आधी, नाव नंतर, ग्रंथालयशास्त्राच्या शिस्तीत.

नावावर टिचकी मारली तर शके यांची सगळी ग्रंथसंपदा उलगडली. पंचांग, अंकगणित, आरत्यांचा संग्रह, जनावरांच्या रोगांवर एक. काय आवाका! १८०३ मध्ये एकदम सहा पुस्तकं, मग साठ वर्षं लेखणी खाली, आणि १८६३ मध्ये पुन्हा चार. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं असतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे मौन कळेल. बाकीच्यांना वाटेल, माणसानं काहीतरी सोसलं असणार.

पुस्तिकेची पहिली दोन पानं सोडून पुढचं काही उघडेना. ‘लेखकाच्या निधनाची नोंद नसल्याने संपूर्ण ग्रंथ उपलब्ध नाही.’ आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. आता वृषनाम संवत्सर कधी वारलं?

मदतकक्षाला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगा, इतका नम्र की त्याच्यावर रागावताना आपल्यालाच अपराधी वाटावं.

“मॅडम, शके सरांच्या निधनाचं वर्ष आमच्याकडे नाही, म्हणून लॉक आहे.”

“शके हे सर नाहीत.”

“सॉरी. शके मॅडमच्या निधनाचं.”

“अहो, शके ही कालगणना आहे. शालिवाहन शक!”

“अच्छा, शालिवाहन. म्हणजे वृषनाम शालिवाहन शके?” आणि टाइप करण्याचा आवाज आला.

“काही टाइप करू नका!”

“नाही मॅडम, मधलं नाव रिकामंच होतं म्हणून.”

मी पाणी प्यायले. मग सावकाश, पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं की हा लेखक कधी जन्मालाच आला नाही.

“ओके मॅडम. मग निधनाला ‘लागू नाही’ टाकू का? पण तसं टाकलं की सिस्टिम हयात धरते.”

“त्यांचं पहिलं पुस्तक तुमच्या मते १८०३ चं आहे. अजून हयात?”

“वयाचं व्हॅलिडेशन नाहीये मॅडम.” जरा थांबून, हळू आवाजात: “तुम्ही त्यांच्या घरच्या का? वारसांचं पत्र आलं तर लॉक लगेच निघतं.”

मी विषय सालावर नेला. १८०३ चूक आहे, म्हटलं.

“चूक कसं? पानावर छापलंय ना मॅडम. तुम्हीच वाचून दाखवलंत.”

“१८०३ मध्ये आगगाडी नव्हती.”

“पण पुस्तकात तर आहे.”

“कारण पुस्तक १८८१ चं आहे!”

“बरं. १८८१ पानावर कुठे छापलंय मॅडम?”

मी गप्प झाले. कुठेच नव्हतं. अख्ख्या संभाषणात हा एकच मुद्दा बिनतोड होता आणि तो त्याचा होता.

“पुरावा म्हणून एखादी लिंक जोडून तक्रार टाका,” त्यानं सुचवलं. “मूळ प्रतच बघते की येऊन,” मी म्हटलं. “मूळ प्रती आता देत नाही मॅडम. गोदामात गेल्या. ऑनलाइन आहे ना सगळं.”

इथे मला हसू आलं नाही. पूर्वी निदान रजिस्टर उघडून कुरकुरत का होईना, पुस्तक टेबलावर आपटणारा कुणीतरी असायचा, आणि शके म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नसे. आता पुस्तक गोदामात, त्याचं चित्र कुलपात आणि कुलपाची किल्ली एका संवत्सराच्या वारसांकडे. इतकी पानं स्कॅन केली म्हणून फलक लागतात. त्यातल्या किती नोंदी कुणी वाचून पाहिल्या, याचा फलक मी बघितलेला नाही. नोंद करणाऱ्या मुलाला तरी काय बोलणार? दिवसाला अमुक नोंदी झाल्याच पाहिजेत म्हणून बसवलेला असणार तो, त्याच्या शेजारी पंचांग कोण ठेवणार?

तक्रारीचा अर्ज भरताना आधी मी माणूस आहे हे सिद्ध करायचं होतं: वाहतुकीचे दिवे निवडा. तीनदा. याची एक गंमत आहे. २००७ मध्ये ‘रीकॅप्चा’ आलं तेव्हा त्यात जुन्या छापील मजकुरातले, यंत्राला न वाचता आलेले शब्द दाखवत. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक लोकांनी असे नकळत, फुकटात वाचून दिले. माझ्याकडूनही कुणीतरी एखादं मोडकं मराठी जोडाक्षर वाचून घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे. पण मला दिवेच येतात. एका चौकोनात दिव्याचा फक्त खांब होता. खांब म्हणजे दिवा का, यावर मी जितका विचार केला तितका त्या संग्रहानं १८०३ वर केला असता तर!

पुराव्याची लिंकही शोधली. पुस्तिकेचा उल्लेख जालावर दोनच ठिकाणी सापडला. एक म्हणजे त्यांचीच नोंद. दुसरा एका ताज्या लेखात, ‘मराठी माणसाची दूरदृष्टी’ या अर्थाच्या परिच्छेदात, साल १८०३, आधार त्यांचीच नोंद. मग मी स्वतःच चार ओळी लिहिल्या: शक आणि इसवी सनात ७८ वर्षांचा फरक असतो, कृपया दुरुस्ती करावी.

तीच तक्रार आज सोडवली गेली. ‘आपण कळवल्याप्रमाणे ७८ वर्षांचा फरक दुरुस्त केला आहे.’

त्यांनी ७८ वजा केले. पुस्तिका आता १७२५ ची आहे, थोरल्या बाजीरावांच्या पेशवाईतली. लेखक: शके, वृषनाम शालिवाहन. हयात.

चांदणी दिल्याशिवाय खिडकी बंद होत नाहीये.