पेन चार्ज होतं, तरी तळहात का उमटतो?

नमस्कार. 'अ‍ॅक्टिव्ह पेन घ्या, तळहात उमटणार नाही' या टॅबवर लिहायच्या पेनांविषयीच्या माझ्या लेखातल्या वाक्यावर विसंबून तुम्ही 'सर्व टॅबना चालणारं' चार्जिंगचं पेन घेतलं. आता पानभर तळहाताच्या रेघोट्या उमटतात, शिरोरेषाही नागमोडी येते, आणि लेख दिशाभूल करणारा आहे, असं तुमचं म्हणणं. बरोबर आहे. 'अ‍ॅक्टिव्ह' या एका शब्दात मी दोन वेगळ्या जाती कोंबल्या होत्या.

टॅबचा पडदा विद्युतक्षेत्रातला बदल मोजतो. फार बारीक टोक त्याला जाणवत नाही, म्हणून साध्या रबरी पेनांचं टोक ५-७ मिमी जाड असतं. तुमच्या पेनातली बॅटरी बारीक टोकातून असा सिग्नल सोडते, की टॅबला ते बोटच वाटतं. तिचं काम तिथे संपलं. टॅबच्या लेखी पेनही बोट आणि तळहातही बोट, मग गाळायचं कुणाला?

दुसरी जात टॅबला 'पेन' म्हणून ओळखू येते: आयपॅडला अ‍ॅपल पेन्सिल, सॅमसंगच्या ठरावीक टॅबना एस पेन, काही अँड्रॉइड टॅब आणि क्रोमबुकना यूएसआय (अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या मानकाचं) पेन. यातल्या एस पेनला लिहिण्यापुरती बॅटरी लागतच नाही, पडद्याखालच्या वेगळ्या थरातून त्याला ऊर्जा मिळते. तेव्हा चार्जिंगचं भोक पाहून पेनाची जात ठरत नाही.

ओळखायचं कसं? नोट्सच्या अ‍ॅपमध्ये 'बोटाने लिहिणं बंद' अशा अर्थाची सेटिंग असते, ती चालू करा. पेनही उमटेनासं झालं, तर टॅब त्याला बोटच समजतोय. ब्लूटूथ जोडलं गेलं म्हणून फसू नका. बहुतेकदा ते फक्त पेनावरच्या बटणांसाठी असतं.

आता शिरोरेषा. पडद्यामागच्या संवेदक तारा साधारण ४-५ मिमी अंतरावर असतात आणि दोन तारांमधली जागा टॅब अंदाजाने काढतो. त्या अंदाजातली चूक दर तारेला पुन्हा होते. किंचित तिरपी रेघ सावकाश ओढली की ती लाटेसारखी दिसते, आणि हाताने ओढलेली शिरोरेषा किंचित तिरपी असतेच! आधी चार्जर काढून लिहून पाहा, स्वस्त दोन-पिनी चार्जरच्या विद्युत गोंगाटाने रेघ थरथरते. मग काचेचा प्रोटेक्टर पाहा. कडांनाच चिकटलेला आणि मध्ये हवा असलेला असेल तर काढा. अ‍ॅपमधलं स्मूदिंग (रेघ गुळगुळीत करणारी सेटिंग) थोडंच वाढवा. जास्त केलं की 'ळ' आणि 'क्ष'च्या गाठी सपाट होतात.

दोन बोटांचा हातमोजा घ्यायचं म्हणताय, तो घेऊ नका. पातळ कापडातूनही स्पर्श पोचतो; ते मोजे मुळात हात सहज सरकावा म्हणून असतात.

पेन परत करता येत असेल तर करा. टॅब २०१८ नंतरचा आयपॅड असेल, तर खास आयपॅडसाठी बनवलेलं इतर कंपनीचं पेनही तळहात गाळतं. टोक किती जोरात टेकवलं तो दाब मात्र त्याला कळत नाही, पण तो तर अ‍ॅपलच्या २०२३च्या यूएसबी-सी पेन्सिललाही कळत नाही आणि नोट्सना त्यावाचून काही अडत नाही. अँड्रॉइड असेल तर कंपनीच्या पानावर त्याच मॉडेलपुढे पेनाचं नाव आहे का ते पाहा. नसेल, तर झूम-चौकट असलेलं नोट्सचं अ‍ॅप वापरा: खालच्या चौकटीत मोठं लिहायचं, पानावर ते बारीक उमटतं आणि चौकटीखाली टेकलेला हात अ‍ॅप मोजत नाही.

मूळ लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलं आहे. टॅबचा मॉडेल क्रमांक कळवलात, तर नेमकं कोणतं पेन चालेल ते सांगता येईल.