तीन तोळे

गुरांच्या दवाखान्यात माझा नंबर पाचवा होता. पुढे दोन शेळ्या, एक लंगडणारा पाडा आणि पोट फुगलेली म्हैस. माझं जनावर घरी होतं. हातात हिंगाची रिकामी डबी आणि डबीत त्याची विष्ठा.

"काय आणलंय?" शेळीवाल्या मावशींनी विचारलं.

"लव्ह बर्ड्स."

त्यांनी डबीकडे निरखून पाहिलं. "ह्यात मावले?"

खरं म्हणजे ते लव्ह बर्ड्सही नव्हेत, बजरीगार, म्हणजे चिमुकले परदेशी पोपट. पण आपल्याकडे पिंजऱ्यात जोडीनं बसलेलं काहीही लव्ह बर्ड असतं आणि कॉकाटील मागायला गेलात तर दुकानदार 'कॉकटेल' म्हणून देतो. आपला हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून निवृत्तीनंतर मी हे ऑस्ट्रेलियन पाहुणे आणले. चौदा नग. चिपळुणातल्या आमच्या अंगणात त्यांच्यासाठी दहा बाय सहाची जाळीची खोली बांधली. गवंडी म्हणाला, "खाली कोबा करू." मी म्हटलं, "छे! पायांना माती लागली पाहिजे. निसर्ग म्हणून काही आहे की नाही?"

बजरीगारांचा निसर्ग म्हणजे ऑस्ट्रेलियातलं कोरडं माळरान. माझ्या अंगणाचा निसर्ग म्हणजे जुलैतलं चिपळूण. हा बारीकसा फरक माझ्या नजरेतून सुटला.

श्रावणात एक पिवळा नर फुगून बसायला लागला. राळा मात्र पोटभर खायचा. मला वाटलं, बाळसं धरतोय. हातात घेतला तर छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं. वर दिसत होती ती नुसती फुलवलेली पिसं. दोन दिवसांनी खाली घातलेल्या वर्तमानपत्रावर, अग्रलेखाच्या बरोबर मधोमध, इंच-दीड इंचाची एक पांढरी शेवई पडलेली दिसली. ती हलली. त्या दिवसापासून आमच्या घरात शेवयांची खीर झालेली नाही.

"जंत झालेत," सौ. म्हणाली. "वावडिंग द्या. आमच्या आईनं आम्हा पाचही भावंडांना वावडिंगावर वाढवलं." वावडिंगाचं पाणी करून ठेवलं. पक्ष्यांनी त्यात अंघोळ केली.

म्हणून हा दवाखाना. डॉक्टर तरुण होते, म्हशीचं पोट उतरवून हात पुसत आले. डबीतला ऐवज त्यांनी मिठाच्या दाट पाण्यात कालवला, बाटली काठोकाठ भरली आणि तोंडावर काच ठेवली. अंडी हलकी, ती तरंगून काचेला चिकटतात. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकात डोळा लावायला सांगितला. लंबगोल, जाड कवचाची अंडी. एक, दोन, सात... पुढे मोजायचं धैर्य झालं नाही.

"काका, पिंजऱ्याला तळ कसला आहे?"

"माती," मी म्हणालो. गवंड्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून मीच फुगून बसलो. हे गोल जंत. अंडं विष्ठेतून खाली पडतं, ओल्या उबदार मातीत दोन-तीन आठवड्यांत तयार होतं आणि राळ्याच्या दाण्याबरोबर परत पोटात जातं. वरच्या उघड्या जाळीवर चिमण्या-बुलबुल बसून आपला वाटा टाकतात तो वेगळाच. थोडक्यात, मी पक्षी पाळत नव्हतो. मी जंत पाळत होतो, पक्षी त्यांचं खाद्य होतं.

"औषध पाण्यात घालू?"

"हे कोरड्या मुलखातले, काका. पाणी पितात तेच मोजकं. औषध कडू लागलं तर तेही बंद. चोचीत घालावं लागेल, प्रत्येकाच्या." फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध त्यांनी बाजूला ठेवलं, माझ्या पक्ष्यांची पिसं झडत होती आणि अशा वेळी ते दिलं तर नवी पिसं वाकडी येतात. शेजारच्या कबुतरांना तर हात लावू नका, त्यांना ते विषारी ठरतं, असंही बजावलं. मग लेव्हामिसॉल लिहिलं. त्यात मात्र अंदाजपंचे चालत नाही, जरा जास्त झालं की पक्षी जातो. "वजन आणा."

घरून दोन पक्षी कापडी पिशवीत घालून आणले. दवाखान्याच्या काट्यावर पक्षी ठेवला तर काटा हललाच नाही. तिथून मी थेट सराफाकडे. पिशवीतला धडधाकट पक्षी त्यांनी काट्यावर ठेवला: पस्तीस ग्रॅम. "बरोब्बर तीन तोळे," ते म्हणाले आणि सवयीनं पुढे, "मोडायचंय का?" आजारी पिवळा सव्वीस भरला. शेवटी त्यांनी एक जुना खिशातला काटा आठवड्याच्या बोलीवर दिला.

रविवारी संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर, मोहीम. मी जाळं घेऊन आत, सौ. दाराशी, हातात सुई काढलेली इन्सुलिनची सिरिंज. पक्षी मुठीत आला की त्याचं काळीज बोटांना मोटारीसारखं थरथरत लागतं. तेवढ्यात तो नखाच्या मुळाशी असा चावतो की आपलंही काळीज तेवढंच धावतं. चोचीच्या कडेनं थेंब सोडायचा, गिळेपर्यंत थांबायचं. निम्म्यांनी मान झटकून तो माझ्या चष्म्यावर परत केला.

औषध कुणाला दिलं हे कळावं म्हणून सौ.नं युक्ती काढली: दिलेल्याच्या डोक्यावर कुंकवाचं बोट. त्याची स्वतःची चोच तिथं पोचत नाही. पण बायकोची पोचते, हे आम्ही विसरलो. जोडीदारांनी एकमेकांची डोकी प्रेमानं साफ केली. अर्ध्या तासात नऊ कुंकवं दिली होती, दिसत होती चार. उरलेल्या पाचांना दुसऱ्यांदा द्यायची हिंमत नव्हती, न देण्याचीही नव्हती. अखेर सौ.ला चेहरे आठवले. "हा निळा, तुम्हाला दोनदा चावलेला." माझ्या बोटांवरच्या जखमांवरून हिशोब लागला.

औषध अंड्यांना लागत नाही, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. ह्या वेळी दोन पिंजरे, डावा न दिलेल्यांचा, उजवा दिलेल्यांचा. मधल्या दिवसांत गवंडी आला. माती खरवडून कोबा केला, वर पत्रा घातला, दाण्याची भांडी जमिनीवरून उचलून टांगली. तो एक शब्द बोलला नाही. मजुरी मात्र बोलल्यासारखी लावली.

महिनाभरानं तपासणी झाली. काच स्वच्छ होती. पिवळा बत्तीस भरला. नवा पक्षी आणला तर महिनाभर वेगळा ठेवा, एवढं सांगून डॉक्टर उठले. जाता जाता मी विचारलं, हे माणसाला होतात का. नाही म्हणाले, पक्ष्यांचे जंत वेगळे.

सौ.चा विश्वास बसला नाही. "दोन महिने मातीत हात घालत होतात," ती म्हणाली. नात दहा फेब्रुवारीला शाळेत घेते तसली चारशे मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी तिनं दुकानातून आणली होती. मी दाराकडे पाहिलं. दारात ती उभी होती, जाळं कोपऱ्यातच होतं. मी निमूट गोळी चावली.

तिनं माझ्या डोक्यावर, टक्कल सुरू होतं तिथं, कुंकवाचं बोट टेकवलं.

"पुसू नका. सासूबाई राहिल्यात अजून."