दोन मिनिटं आणि साडेतीनशे पोळ्या

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत होते. मोठ्या मावशींनी तो माझ्या कानाशी धरला. पलीकडून एक अत्यंत सुसंस्कृत आवाज म्हणाला, "मॅडम, आर्थिक धोरणात छोट्या उद्योजकांचा आवाज पोचावा म्हणून आमच्या संघटनेनं चर्चासत्र ठेवलंय. दिल्लीहून मोठे साहेब येतायत. तुम्ही बोलाल का? दोन मिनिटं?"

कर्वेनगरात बावीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवतेय. एवढ्या वर्षांत लोकांनी माझ्याकडे पोळ्या मागितल्या, उसळ मागितली, सुटे मागितले, दोन वेळा तर मुलीसाठी स्थळही मागितलं. आवाज कुणी मागितला नव्हता. मी लगेच हो म्हटलं.

"उत्तम. आणि त्या दिवशीच्या जेवणाचंही तुम्हीच बघाल ना? एकशेवीस पानं धरा."

धरली. पोळीवाल्या बाईला नाही म्हणायला कुणी शिकवलेलं नसतं.

आता, दोन मिनिटं म्हणजे किती, हा हिशेब आमच्याकडे पोळीत होतो. मोठ्या मावशी दोन मिनिटांत चार घडीच्या पोळ्या उतरवतात, त्याही पदर सुटलेल्या. म्हणजे देशाच्या आर्थिक धोरणात माझ्या वाट्याला चार पोळ्या आल्या होत्या. एका माणसाचं जेवण झालं की! फार कमी नव्हे.

रात्री भाषण लिहायला बसले. समोर आमचे 'हे', हातात मोबाइलमधलं स्टॉपवॉच.

पहिला मुद्दा कणकेचा. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर 5 टक्के जीएसटी आला, पण फक्त 25 किलोपर्यंतच्या पाकिटावर. त्याहून मोठ्या पोत्याला काही नाही. आमचा दुकानदार हुशार. तो 30 किलोचं पोतं पाठवायला लागला. कर वाचला. पण ते पोतं टेम्पोतून उतरवताना धाकट्या मावशींच्या कमरेत जी उसण भरली, ती आठवडाभर हटली नाही, आणि वाचलेले पाच टक्के बामाच्या बाटलीत गेले.

"हे काढून टाक," 'हे' म्हणाले. "वैयक्तिक वाटतं."

दुसरा मुद्दा गॅसचा. घरचं सिलिंडर लाल, 14.2 किलोचं. धंद्याचं निळं, 19 किलोचं. आतला गॅस सख्खा भाऊ. पण पोळी नवऱ्याला वाढली तर गॅसवर 5 टक्के, शेजाऱ्याला विकली तर 18. (एवढं ऐकून नवऱ्यानं स्टॉपवॉच थांबवलं आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.) निळ्याचा भाव दर महिन्याच्या 1 तारखेला बदलतो. पगारदार माणसं 1 तारखेची वाट बघतात. मी त्या दिवशी पेपर उघडताना एक डोळा मिटून घेते.

तिसरा मुद्दा तेलाचा, आणि तो जरा नाजूक आहे. 14 सप्टेंबर 2024 ला, ऐन गणपतीत, कच्च्या खाद्यतेलावरचा आयातीचा एकूण भार 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर गेला. आमच्याकडे तेव्हा तळणीच्या मोदकांच्या ऑर्डरी आधीच्या भावानं घेऊन ठेवलेल्या. कढईत तेल ओतताना माझा हात थरथरत होता. पण मला ओरडताही येईना, कारण हा भार ज्यांच्यासाठी वाढवला त्या सोयाबीनवाल्यांत माझे लातूरकडचे सख्खे दीर आहेत. सोयाबीन हमीभावाच्याही खाली गेलं होतं. त्यांचा फोन आला, "वहिनी, सरकारनं आता तरी आमच्याकडे बघितलं, बरं झालं ना?" कढईकडे बघत मी म्हटलं, "हो भाऊजी, फार बरं झालं." पुढे भाऊजींच्या सोयाबीनचा भाव काही फारसा वर चढला नाही, माझ्या डब्याचा मात्र चढला. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस शुल्क पुन्हा खाली आलं. डबा तेवढ्या घाईनं खाली आला नाही. वर जाताना लिफ्टनं जातो आणि खाली येताना जिन्यानं, गुडघे धरून उतरतो, तसा तो डबा आहे.

"तीन मिनिटं चाळीस सेकंद," 'हे' म्हणाले. "आणि अजून तू मागणी काय ती केलेलीच नाहीस."

मागणीवर येण्याआधी मला पाटीबद्दल सांगायचं होतं. ते कुठल्याच चर्चासत्रात कुणी सांगत नाही. दिल्लीत दर बदलतात तेव्हा ते कागदावर बदलतात. शेवटी ते बदलायचे असतात माझ्या दाराशी, काळ्या पाटीवर, खडूनं. मागच्या वर्षी पोळी 11 ची 12 केली. एक रुपया. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी साडेनऊला पहिले आले ते निवृत्त प्राध्यापक. रोज चार पोळ्या, बांधताना तूप नको. पाटीसमोर उभे राहिले, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला.

"कारण?"

"काका, तेल, गॅस, कणीक, मावशींची मजुरी…"

"मग तसं लिहा. नागरिकांना कारण कळलं पाहिजे."

लिहिलं. 'तेल, गॅस, कणीक व मजुरी वाढल्याने नाईलाजाने दरवाढ. दिलगीरी.' दुसऱ्या दिवशी काका आले, खिशातून स्वतःचा खडू काढला, 'दिलगीरी'तली गी पहिली केली आणि चारच्या तीन पोळ्या घेऊन गेले. त्यांच्या मागच्या बाईंनी पोळी उजेडाकडे धरून पाहिली. "पूर्वी तुमच्या पोळीतून पलीकडचं दिसायचं नाही हो." मी म्हटलं, बाई, पोळी पातळ नाही झाली, तुमचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालंय. हे मी मनात म्हटलं. धंद्यात बरंच काही मनात म्हणायचं असतं.

संसदेत अर्थसंकल्पावर चर्चा होते, गोंधळ झाला की कामकाज तहकूब होतं. माझ्या पायरीवरची चर्चा तहकूब करायची सोय नाही. तवा तापलेला असतो.

तर मागणी. माझ्याकडे उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट करून अन्नपूर्णेच्या फोटोशेजारी लावलंय. त्यावर माझा वर्ग लिहिलाय : सूक्ष्म. मला ते आवडलं होतं. पण 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि वर्षाला 10 कोटींपर्यंत उलाढाल. माझी यंत्रसामग्री म्हणजे दोन तवे, तीन पोळपाट, आणि एक कणीक मळायचं मशीन, जे फक्त गिऱ्हाईक बघायला आलं की चालतं. उलाढाल वीस लाखांच्या अलीकडे रेंगाळते. वीस लाख ओलांडले की आमच्यासारख्यांना जीएसटीत नाव नोंदवावं लागतं, म्हणून मार्च आला की मी गिऱ्हाइकांकडे ज्या नजरेनं बघते, ती लक्ष्मीच्या स्वागताची नजर नसते. आणि दहा कोटीवाले आणि मी एकाच पंगतीत. आवाज कुणाचा जाणार? मागणी एवढीच लिहिली की साहेब, सूक्ष्मातही एक पातळ पोळी असते, तिचं वेगळं पान मांडा.

"छान आहे," 'हे' म्हणाले. "फक्त ते बन-क्रीमसारखं काही बोलू नकोस."

सप्टेंबर 2024 मध्ये कोइमतूरच्या एका हॉटेलवाल्यांनी अर्थमंत्र्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं, की बनला कर नाही, आतल्या क्रीमला 18 टक्के, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणतं बन वेगळा द्या, क्रीम वेगळं द्या, मी माझं लावून घेतो. सभागृह हसलं. एक-दोन दिवसांनी त्यांचा माफी मागतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. आमच्या घरात तेव्हापासून हा धाक आहे. मी वचन दिलं. माझ्याकडे बनही नाही आणि क्रीमही नाही.

चर्चासत्राच्या दिवशी पहाटे चारला धाकट्या मावशींचा निरोप आला : पुतणीची हळद, येत नाही. साडेतीनशे पोळ्या, आणि लाटणारे हात चार, त्यातले दोन माझे. भाषण पोळपाटाला टेकवून ठेवलं होतं, एक डोळा त्याच्यावर. 'आयात शुल्क' म्हणताना एक पोळी करपली, 'उलाढाल' म्हणताना दुसरी. करपलेल्या बाजूला काढल्या.

पावणेअकराला टेम्पो हॉलवर. वॉचमननं हात केला, "केटरिंग मागच्या गेटनं."

"अहो, मी वक्ती आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कमरेवरच्या वरणाच्या पातेल्याकडे पाहिलं. "मागच्या गेटनं," तो म्हणाला, पण जरा आदरानं.

माझ्या नावाचा बिल्ला पुढच्या गेटवर होता. मी मागच्या. मधे स्टेज, पडदा आणि एकशेवीस उद्योजक. पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं. एक सूक्ष्म उद्योजक व्हॉल्व्हच्या कारखान्याबद्दल सतरा मिनिटं बोलले. दुसरे निर्यातीबद्दल बोलले, त्यांना टाळ्या तीन वेळा. मी उसळीखाली बर्नर लावत होते, तेवढ्यात माझं नाव ऐकू आलं. पदराला हात पुसेपर्यंत सूत्रसंचालक म्हणाले, "मॅडम जेवणाच्या गडबडीत आहेत. त्यांचं मनोगत आपण जेवतानाच अनुभवू!" मोठ्ठा हशा. टाळ्या. त्या दिवसातल्या सर्वांत जास्त.

आणि मग पंगत उठून रांग लागली. मी डाव घेऊन उसळीमागे. अकरावे आले दिल्लीचे साहेब. माणूस सभ्य, ताट दोन्ही हातांनी धरलेलं. वाढपी जोवर वाढत नाही तोवर ताटवाला हलू शकत नाही, हे मला तेव्हा सुचलं.

"साहेब, मी ती दोन मिनिटंवाली," मी म्हटलं आणि डाव उसळीतच ठेवला.

साहेबांनी मान डोलावली. "अच्छा! पोळीवरचा कर तर आपण काढला. 22 सप्टेंबर 2025 पासून पोळी, पराठा, सगळं शून्य."

"साहेब, ती पाकिटातली. मी ताजी करून देते, म्हणून मी 'रेस्टॉरंट सेवा'. उद्या वीस लाख ओलांडले की मला पाच टक्के."

"पण तुमच्याकडे बसून खातात?"

"बसायला एक स्टूल आहे. त्यावर मांजर बसतं."

साहेब खरंच हसले. मागून व्हॉल्व्हवाल्यांचं ताट पाठीला लागलं. "मुद्दा चांगला आहे. लेखी द्या." मग जरा वाकून, हळू आवाजात, "मटकीत गोडा मसाला ना? आमच्याकडे आई घालायची."

मी वाढली. दोन डाव वाढली. चाळीस सेकंद झाली असतील. एक पोळी आणि थोडी वर.

निघताना हिशेबनिसांनी बिल उलटसुलट पाहिलं. "जीएसटी नंबर नाही? मग जरा वेळ लागेल हं." कायद्यानं सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, हे मला पाठ होतं, भाषणातल्या शेवटून दुसऱ्या ओळीत होतं. पण टेम्पोवाला हॉर्न देत होता.

दुकानात परत आले तेव्हा चार वाजले होते. मोठ्या मावशी पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी भाषणाचं विचारलं नाही. "उरल्या किती?"

"सतरा. शिवाय करपलेल्या दोन."

मावशींनी पोळ्या कुस्करायला घेतल्या, मी कांदा चिरला, कढईत मोहरी टाकली. मोहरी तडतडताना माझ्या डोक्यात आलं की पोळीला शून्य, पण फोडणी दिली, शेंगदाणे पडले, तर ही पोळी राहते की फरसाणात जाते? फरसाणाला पाच. साहेबांना लेखी देताना हे विचारायला हवं. मावशींना म्हटलं, "मावशी, कुस्करा म्हणजे नक्की काय हो? पोळी की फरसाण?"

मावशींनी कढईत डोकावून पाहिलं. "हळद राहिली घालायची," त्या म्हणाल्या.